पुस्तकातला ‘मी’ पडद्यावर कुठे जातो? (नुकतंच वाचलेलं आणि पाहिलेलं)

पाऊलवाट

उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘बनगरवाडी’ परत काढली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी डी.एड. करत होते. दुसऱ्यांदा वाचली ती जत तालुक्यात एका वस्तीवर पहिली नेमणूक मिळाली तेव्हा, कंदिलाच्या उजेडात, कारण वीज संध्याकाळी जायची ती पहाटेच यायची. आता तिसऱ्यांदा वाचली, नोकरीला बावीस वर्षं होऊन गेल्यावर. पुस्तक मिटलं आणि दोन दिवसांनी त्यावरचा अमोल पालेकरांचा चित्रपट पाहिला, १९९५चा. तेव्हापासून डोक्यात एकच विचार घोळतोय, तो इथे मांडते.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. सगळी गोष्ट राजाराम मास्तर स्वतः सांगतो. कोवळ्या वयाचा मुलगा, धनगरांच्या वाडीत मास्तर म्हणून येतो. शाळेत मुलं नाहीत, कारण मुलं मेंढरांमागं रानात. म्हातारा कारभारी सोडला तर त्याचं ऐकून घेणारंही कोणी नाही. हळूहळू मुलं येतात, माणसं येतात, कागदपत्रं वाचून घ्यायला येतात, भांडणं घेऊन येतात. मास्तर वाडीचा होत जातो. पण हे तो कुठेही ‘मी त्यांचा झालो’ अशा शब्दांत सांगत नाही. आज कोण आलं, काय म्हणालं, मग काय झालं, एवढंच. मला स्वतःला हे नोकरीत जाणवलं आहे. वस्तीवर पहिले सहा महिने मला भाकरी आणून देणाऱ्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं. ती नुसती ‘घ्या बाई’ म्हणायची आणि फडकं ठेवून जायची. वर्षभरानं तिच्या घरच्या बारशाला माझ्याशिवाय पाळणा हलेना. हे नेमकं कोणत्या दिवशी घडलं ते मला आजही सांगता येणार नाही. माडगूळकर तसंच लिहितात.

चित्रपटात मास्तर आपल्याला बाहेरून दिसतो. चंद्रकांत कुलकर्णींनी तो फार जपून केलाय, चेहऱ्यावर कुठेही नाटकीपणा नाही. पण पुस्तकात मी मास्तराच्या डोळ्यांनी वाडी पाहत होते, आणि इथे वाडीच्या डोळ्यांनी मास्तराला पाहू लागले. केवढा मोठा माळ आणि त्यावर हा एवढासा पोरगा! पुस्तकात तो मला कधी एवढा लहान वाटला नव्हता. सांगणारा माणूस आपल्याला आपल्याएवढाच वाटतो ना.

कारभाऱ्याच्या भूमिकेत चंद्रकांत मांडरे आहेत. एके काळचे देखणे नायक, त्या वयात, त्या पागोट्यात. चोळीच्या प्रसंगावरून कारभारी मास्तरावर रुसतो, तो अबोला पुस्तकात वाचताना मला मास्तराचं वाईट वाटलं होतं. पडद्यावर त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं. प्रसंग तोच, पण माझी बाजू बदलली. हे कसं झालं ते मी अजून शोधते आहे.

शेकूची बायको बैलाच्या जोडीला औताला खांदा देते, ते मात्र मला पुस्तकातच जास्त लागलं. माडगूळकरांनी त्यावर एक शब्दही जादा खर्च केलेला नाही. एकही विशेषण नाही. वाचताना हात थांबतो.

आणि शेवट. दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. ज्या तालमीसाठी सगळी वाडी राबली ती तालीम तिथेच राहते. पुस्तकात ही शांतता वाक्यं लहान लहान होत जाऊन येते. चित्रपटात ती खरोखरच ऐकू येते, वारा आणि धूळ.

म्हणून विचारते. ज्या पुस्तकात कोणीतरी ‘मी’ म्हणून बोलतं, त्याचा चित्रपट झाला की तो ‘मी’ जातो कुठे? तुम्ही अलीकडे अशी जोडी वाचली-पाहिली असेल तर लिहा. आधी वाचलं की आधी पाहिलं, तेही लिहा, कारण त्यानं फरक पडतो असं मला वाटतं.

माणदेशी माती

ताई, आमच्या भागावर इतकं मनापासून लिहिलंत, फार बरं वाटलं. माझं आजोळ आटपाडीजवळ. ज्या वाडीवरून कादंबरी आली ती लेंगरेवाडी आमच्या पाहुण्यांच्या वाटेवर आहे. आजोबा आठवण काढायचे तेव्हा ‘बनगरवाडी’ म्हणत नसत, ‘अण्णांच्या धाकट्यानं लिवल्याली गोष्ट’ म्हणत. अण्णा म्हणजे गदिमा.

तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो, तो प्रसंग बाहेरच्या वाचकाला कदाचित कल्पनेतला वाटेल. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. त्यांनी १९३९मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. असा राजा एखाद्या धनगरवाडीतल्या तालमीसाठी येणं अगदी साहजिक होतं. मास्तरानं व्यायामशाळाच का बांधायला घेतली, देऊळ किंवा चावडी का नाही, त्याचं उत्तर मला तरी या राजातच दिसतं.

आणखी एक. त्याच आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत त्याच काळात सुरू झाली. गजाआड न ठेवता कैद्यांना शेती करायला लावायची. गदिमांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. एकाच घरातल्या दोन भावांनी, एकाच छोट्या संस्थानातून, एकानं कादंबरी आणि दुसऱ्यानं चित्रपटकथा काढली. पाऊस पडत नाही म्हणून ज्या मुलखाला लोक नावं ठेवतात त्या मुलखातून! मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

चित्रपट मी आधी पाहिला. दूरदर्शनवर, आजोबांच्या मांडीवर. त्यामुळे माझ्या मनातला कारभारी कायम मांडऱ्यांसारखाच दिसतो. पुस्तक वाचताना दुसरा चेहरा येतच नाही. त्याची मला खंत नाही.

शेवटचा बाक

माझी जोडी ‘शाळा’. सुजय डहाकेंचा चित्रपट आला जानेवारी २०१२मध्ये, तेव्हा मी नववीत होतो. त्यातला नायक मुकुंद जोशीही नववीत, वर्गातल्या शिरोडकरच्या प्रेमात पडलेला. वर्गातले आम्ही सातजण गेलो होतो. बाहेर आल्यावर कोणीच कोणाशी बोललं नाही, प्रत्येकाच्या मनात आपापली शिरोडकर होती.

मिलिंद बोकिलांची कादंबरी मात्र मी आत्ता, गेल्या दिवाळीत वाचली. आणि पाऊलवाट ताईंचा प्रश्न मला तिथेच भेटला. मुकुंदचं सगळं वैभव त्याच्या मनातल्या बोलण्यात आहे. समोरचा मास्तर एक बोलतो, मुकुंद तोंडानं दुसरंच उत्तर देतो आणि मनात तिसरंच चाललेलं असतं. हे तिन्ही थर कागदावर एका ओळीत मावतात. पडद्यावर अंशुमन जोशीच्या डोळ्यांत त्यातले दोन दिसतात. तिसरा राहतो.

पण चित्रपटानं एक गोष्ट अशी दिली की जी पुस्तकात असूच शकत नाही. शिरोडकर. पुस्तकात ती मुकुंदला जशी वाटते तशीच आपल्याला भेटते, कारण सांगणारा तोच. केतकी माटेगावकर पडद्यावर येते तेव्हा शिरोडकर ही स्वतंत्र मुलगी होते, तिलाही घर आहे, धाक आहे, भीती आहे, हे तिच्या नुसत्या चालण्यातून कळतं. नववीत मी मुकुंदच्या बाजूनं रडलो होतो. आता पुन्हा पाहिला तेव्हा तिचं काय झालं असेल याचा विचार करत बसलो.

दुसरं, आणीबाणी. गोष्ट १९७५-७६ या शालेय वर्षातली. पुस्तकात ती मोठ्या माणसांच्या दबक्या बोलण्यातून हळूहळू आत येते आणि मुकुंदच्या दृष्टीनं शाळेतली शिस्त आणि बाहेरची शिस्त एकच होऊन जाते. मुकुंदचे वडील आणि नरूमामा यांच्यातला फरक समजायला मला पुस्तकच लागलं. चौदाव्या वर्षी चित्रपटात ते माझ्या डोक्यावरून गेलं होतं. माझे वडील त्या वर्षी दहावीत होते. पुस्तक वाचून झाल्यावर त्यांना विचारलं, तर तासभर बोलत होते. एरवी आमचं बोलणं गॅस सिलिंडर आणि आरक्षण यापलीकडे जात नाही.

सांजवात

शेवटचा बाक, शिरोडकरबद्दल लिहिलंत ते फार आवडलं. मी बाई म्हणून ‘शाळा’ वाचताना नेमकी इथेच अडकले होते.

माझी जोडी शांता निसळ यांची ‘बेघर’ आणि जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२). पुस्तक जुन्या ग्रंथालयात मिळालं, पानं अगदी तपकिरी झालेली. चित्रपट तर कितीदा पाहिला असेल. मला बोलायचंय ते नावाबद्दल. गोष्ट एकच, घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाणारी बाई. लेखिकेनं नाव दिलं ‘बेघर’. पडद्यावर नाव झालं ‘उंबरठा’. पहिल्या नावात तिचं सगळं हरवून झालंय. दुसऱ्यात ती अजून मध्ये उभी आहे, एक पाय आत, एक बाहेर. लेखिका स्वतः बाई होती आणि तिनं कठोर नाव निवडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिला माहीत होतं, उंबरठा एकदा ओलांडला की तो बाहेरच्या बाजूनं परत ओलांडता येत नाही.

स्मिता पाटीलची सुलभा परत घरी येते तो भाग मी आता पन्नाशीत पाहिला. मुलगी तिच्याजवळ जात नाही, काकूला चिकटून राहते. नवरा (गिरीश कार्नाड) शांतपणे, जराही आवाज न चढवता, आपल्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईबद्दल सांगतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा. या वेळी राग आला तो घराच्या सभ्यपणाचा. कोणी दार लावून घेत नाही, कोणी जा म्हणत नाही, सगळे अगदी नीट वागतात, आणि त्या घरात तिला बसायला जागा उरलेली नाही. मी स्वतः चाळीसाव्या वर्षी नोकरीसाठी दोन वर्षं नागपूरला राहिले. परत आले तेव्हा स्वयंपाकघरातले डबे दुसऱ्या क्रमानं लावलेले होते. एवढंच. कोणी काही बोललं नाही. तिखटाच्या डब्यात हळद निघाली आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

पाऊलवाट

सांजवातताई, डब्यांचं वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. ‘बेघर’ मी वाचलेली नाही, शोधते.

जुना मुंबईकर

मला ‘मी’चा प्रश्न उलट्या बाजूनं दिसतो. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या. त्यात ‘मी’ नाहीच, अख्खं शहर आणि अख्खं मंत्रिमंडळ आहे. १९७९मध्ये विजय तेंडुलकरांनी त्या दोन्ही मिळून एक पटकथा केली, आणि जिथे कोणीच ‘मी’ म्हणत नव्हतं तिथे पाहणारा एक माणूस मधोमध बसवला. पत्रकार दिगू टिपणीस. दिगू कादंबरीत आहेच, पण निळू फुल्यांमुळे तो सगळ्या गोष्टीचा डोळा झाला. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) आणि विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) डाव टाकतात, आणि दिगू नुसता बघतो, ऐकतो. बेरकी पुढारी म्हणून ज्यांना लोक ओळखत त्या निळूभाऊंना अशी गप्प भूमिका देणं यातच दिग्दर्शकाची नजर कळते.

मी तेव्हा सरकारी नोकरीत लघुलेखक होतो. फायली कशा हलतात आणि कशा हलत नाहीत हे रोज बघत होतो. चित्रपट पाहिला आणि शेवटचं दिगूचं ते हसणं घरापर्यंत कानात राहिलं. या पावसाळ्यात नातवाबरोबर पुन्हा पाहिला. नातवाला कृष्णधवल चित्रपटाचा कंटाळा येईल असं वाटलं होतं. त्यानं मध्येच थांबवून विचारलं, “आजोबा, हे कोणत्या साली झालं?” मी म्हटलं ही कादंबरी आहे. त्याला पटलं नाही. आता तो ‘सिंहासन’ वाचतोय, रोज पंधरा-वीस पानं. मी काही विचारत नाही, वाचू देतो.

गडहिंग्लजकर

काका, दोन कादंबऱ्यांचा एक चित्रपट म्हणाल तर आमच्याकडं ‘जोगवा’ आहे. राजन गवस सरांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’. एकीत सुली, दुसरीत तायप्पा. यल्लम्माला सोडलेली बाई आणि यल्लम्माच्या नावानं लुगडं नेसवलेला पुरुष. पुस्तकांत ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींतली माणसं. एकमेकांना कधी भेटतच नाहीत. राजीव पाटलांनी २००९मध्ये त्यांची गाठ घालून दिली.

मी दोन्ही पुस्तकं कॉलेजात वाचली होती, त्यामुळे चित्रपट पाहताना पहिली दहा मिनिटं रागातच होतो. या दोघांचं प्रेम? पुस्तकात असा दिलासा कुठं आहे? सर वाचकाला सोडत नाहीत, शेवटपर्यंत जट ओढत नेतात. पण नंतर पटलं. तायप्पाचा कोंडमारा पुस्तकात त्याच्या आतच राहतो. पडद्यावर त्याला ओळखणारं कोणीतरी हवं होतं, जिच्यासमोर तो पुरुष म्हणून उभा राहील. उपेंद्र लिमये लुगड्यात सुलीसमोर (मुक्ता बर्वे) नुसता उभा राहतो तेव्हा त्या लुगड्याचं ओझं दिसतं. त्यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते.

तरीही मी म्हणेन, आधी पुस्तकं वाचा. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला काय चालायचं हे पुस्तकात ज्या भाषेत आहे, ती आमची गडहिंग्लज भागाची, कानडी वळणाची भाषा. ती कानाला खरखरीत लागते. गाणी फार गोड आहेत, ‘जीव रंगला’ मीही ऐकतो. पण गोड गाण्यानं ती खरखर झाकली जाते.

रानवारा

गाण्यांबद्दल मला वेगळं वाटतं. गोनीदांची ‘जैत रे जैत’ मी नुकतीच वाचली, जब्बार पटेलांचा चित्रपट (१९७७) लहानपणापासून पाहत आले. नाग्या ठाकर, त्याचा ढोल, लिंगोबाचा डोंगर आणि राणीमाशी. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांची चाल काढून टाकली तर या गोष्टीतल्या माणसांचं मन आपल्याला कुठून कळणार? चिंधीच्या मनातलं तिच्या तोंडून येत नाही, गाण्यातून येतं. पाऊलवाट ताई, तुम्ही विचारलंत ना ‘मी’ कुठे जातो, तर इथे तो गाण्यात गेला. ‘मी रात टाकली’ याचा पहिलाच शब्द बघा.

गडहिंग्लजकर

हे मला सुचलं नव्हतं. मान्य.

ओटीवरून

‘श्यामची आई’चं नाव अजून कसं निघालं नाही? साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३मध्ये लिहिलं. अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वनमालाबाईंची आई, माधव वझ्यांचा श्याम. आणि २०२३मध्ये सुजय डहाकेंनीच, ‘शाळा’वाल्यांनीच, पुन्हा केला, तोही कृष्णधवल.

माझी आई पालगडजवळची. ती पुस्तक वाचून दाखवायची तेव्हा ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असंच म्हणायची, प्रकरण म्हणायची नाही. रोज एक रात्र. पुस्तकाची सगळी गंमत मला त्यात वाटते, आश्रमात प्रार्थना झाल्यावर मित्र जमलेत आणि मोठा झालेला श्याम सांगतोय. आई गेलेली आहे हे सांगणाऱ्याला पहिल्या रात्रीपासून माहीत आहे. जुन्या चित्रपटात मला आई जिवंत भेटली, आणि लहानपणी तेवढंच हवं होतं. नव्यात गुरुजी मोठे झालेले सतत दिसतात (ओम भूतकर), स्वातंत्र्यलढ्यातले, तुरुंगातले, आणि कोकणातलं बालपण त्यांच्या आठवणीतून येतं. म्हणजे तुमचा तो ‘मी’ त्यांनी पडद्यावर आणून बसवला. मला तो चित्रपट काही ठिकाणी लांबलेला वाटला, पण हा निर्णय बरोबर वाटला. आईच्या गोष्टीतलं दुःख सांगणाऱ्याचं आहे.

आई मागच्या वर्षी गेली. चित्रपट आम्ही दोघांनी बरोबर पाहिला होता. पाय चेपायचा प्रसंग आला तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता माझा हात धरला होता.

पाऊलवाट

सगळ्यांचं वाचलं, काही दोन-दोनदा. ‘ओटीवरून’, तुमच्या आईचं वाचताना माझ्या वडिलांना हाक मारली आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते पंच्याऐंशीचे आहेत, तेही मास्तरच होते, खानापूर तालुक्यात. ऐकून झाल्यावर म्हणाले, “बनगरवाडी काढ. डोळ्यांनी होत नाही आता. तू वाच.”

परवापासून चौथ्यांदा सुरू केली आहे, या वेळी मोठ्यानं. आणि माझ्या तोंडून ‘मी’ म्हणून मास्तर बोलतो तेव्हा वडील मध्येच थांबवतात आणि स्वतःच्या शाळेचं सांगू लागतात. काल तालमीच्या भिंतीपर्यंत आलो होतो. ते म्हणाले, त्यांच्या वाडीत विहिरीचं काम निघालं होतं, आणि दगड वाहायला सगळ्यात आधी आला तो रामोशाचा पोरगा, ज्याला शाळेत बसू द्यायचं नाही असं गावानं ठरवलं होतं. हे मी पन्नास वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. नाव विचारलं तर त्यांना आठवेना. आज सकाळी चहा पिताना आठवलं, मला बोलावून सांगितलं, आणि मी ते पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे.